बाजारात न मिळणारा भोपळा

या वेळी आलेल्या प्रश्नांत लाल भोपळ्याचीच सरशी आहे. कुणाच्या वेलाला फळ धरत नाही, कुणाचे घारगे तळताना तेल पितात, तर कुणाला भोपळ्यामागचे रीतिरिवाज जाणून घ्यायचे आहेत. तांबडा भोपळा, डांगर, गंगाफळ आणि विदर्भातले कोहळे ही सगळी या लाल भोपळ्याचीच नावे. या पानावर 'भोपळा' म्हणजे तोच समजावा. पेठ्याचा पांढरा कोहळा आणि दुधी यांचा विषय निघेल तिथे त्यांची नावे घेतली आहेत.

गच्चीवर वेल छान पसरला आहे. रोज पिवळीधमक फुले येतात आणि गळतात, फळ मात्र एकही नाही. खत कमी पडत असेल का? (बदलापूर)

कमी नाही, बहुधा जास्त झाले आहे. पण आधी फुले नीट पाहा. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. लांब, बारीक देठावर ताठ उभे असते ते नर फूल. मादी फुलाचा देठ आखूड असतो आणि पाकळ्यांच्या खाली सुपारीएवढा हिरवा गोळा दिसतो. तेच होऊ घातलेले फळ. सुरुवातीचे काही दिवस वेलावर फक्त नर फुले येतात, मादी फुले मागून. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात गळलेल्या फुलांची काळजी करू नका.

महिना उलटला तरी सगळी नरच असतील, तर नत्राचे प्रमाण तपासा. शेणखतावर वरून युरिया दिला, किंवा स्वयंपाकघरातले खत रोज ओतत राहिले, की वेल पानांचा पसारा वाढवतो आणि मादी फुले कमी धरतो. कडक उन्हाळ्यातही असेच होते. नत्र थांबवा, मूठभर राख आळ्यात मिसळा आणि वाट पाहा.

मादी फुले येताहेत, पण खालचा गोळा पिवळा पडून गळतो आहे, असे असेल तर परागीभवन होत नाही. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, वारा ते उडवून नेत नाही. त्याला मधमाशीच लागते: सातेरी, फुलोरी, आग्या किंवा डंख नसलेली इवलीशी पोयाची माशी. उंच इमारतीच्या गच्चीवर या फिरकल्या नाहीत तर ते काम आपल्याला करावे लागते. फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते, पुन्हा उघडत नाही. म्हणून सकाळी सहा ते आठच्या दरम्यान ताजे नर फूल देठासकट तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवा. एका मादी फुलाला दोन नर फुले वापरली तर पराग सगळीकडे पोचतात आणि फळ एका अंगाने खुरटत नाही. पावसाळ्यात पराग भिजून वाया जातात. उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी दिसते, तिच्यावर आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी चढवून ठेवा.

आठवडाभरात गोळा लिंबाएवढा झाला की फळ धरले. त्यानंतर आलेली काही मादी फुले गळतीलच, कारण ड्रममधला वेल दोन-तीन फळांपेक्षा जास्त पोसू शकत नाही.

फ्लॅटला जेमतेम बाल्कनी आहे. अशा ठिकाणी भोपळा लावावा का? कोणती जात, कधी लावावी? (ठाणे)

रोज सहा तास थेट ऊन येत असेल तर जरूर लावा. तीन-चार तासच येत असेल तर फळाची आशा सोडा आणि कोवळ्या शेंड्यांच्या भाजीसाठी लावा. साध्या कुंडीचा उपयोग नाही. पन्नास-साठ लिटरचा ड्रम घ्या, तळाला भोके पाडा, निम्मी माती आणि निम्मे चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळा भरा. एका ड्रमात एकच वेल. अंगण असेल तर हातभर लांब, रुंद आणि खोल खड्डा तसाच भरून आळे करा, आणि दोन आळ्यांत दोन-तीन मीटर अंतर सोडा.

आपल्याकडे हंगाम दोन: पावसाळी जून-जुलै आणि उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारी. बी रात्रभर पाण्यात भिजवून इंचभर खोल पेरा. एका आळ्यात तीन-चार बिया टाका. रोपांना खरी पाने फुटली की सर्वांत जोमदार रोप ठेवा आणि बाकीची कात्रीने कापा. उपटली तर ठेवलेल्या रोपाची मुळेही दुखावतात.

जातींपैकी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का सूर्यमुखी' ड्रमसाठी सोयीची. तिची फळे नारिंगी आणि साधारण किलोभराची असतात. त्याच संस्थेच्या 'अर्का चंदन'ची फळे दोन-तीन किलोंची आणि गोड. अंगणात जागा असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा विश्वास' लावा, तिचे फळ पाच किलोंच्या आसपास भरते. गावाकडून आलेले गावरान बी मिळाले तर तेही उत्तम. पेरणीपासून पिकलेले फळ हाती यायला साधारण चार महिने लागतात, हे मनाशी धरूनच सुरुवात करा.

वेल दोन मीटरचा झाला की शेंडा खुडा. बगलेतून फांद्या फुटतात आणि मादी फुले बहुतेक त्यांवरच येतात. वेल ग्रिलवर चढवला तर फळाला जुन्या सुती ओढणीची झोळी बांधा.

पानांवर शिरांच्या बेचक्यात पांढुरके ठिपके आले आहेत. भुरी आहे का? शिवाय भर दुपारी सगळा वेल माना टाकतो. (सोलापूर)

बोटाने घासून पाहा. ठिपका पुसला गेला नाही तर तो रोग नाही. आपल्याकडच्या बऱ्याच भोपळ्यांच्या पानांवर असे चंदेरी डाग जन्मजात असतात. पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागली तर ती भुरी. तशी पाने काढून टाका आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी असे मिश्रण सकाळच्या उन्हात आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी फवारा. हा घरगुती तोडगा वाटतो खरा, पण झुकिनी या भोपळ्याच्या भावंडावर ब्राझीलमध्ये झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो उपयोगी ठरला आहे.

दुपारचे माना टाकणे हा आजार नाही. एवढ्या मोठ्या पानांतून जेवढे पाणी उडते तेवढे मुळे त्या वेळी पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी वेल पुन्हा ताठ झाला तर सगळे ठीक आहे. सकाळीही पाने लोंबत असतील तरच पाणी कमी पडते आहे किंवा मुळे कुजत आहेत असे समजा. पाणी सकाळी द्या, ते आळ्यात द्या, पानांवर ओतू नका.

लिंबाएवढी फळे सडतात, आत अळ्या निघतात. शेजाऱ्यांनी आंब्याला लावतात तो फळमाशीचा सापळा दिला. तो टांगूनही फरक नाही. (रत्नागिरी)

सापळा चांगला आहे, पण चुकीच्या माशीचा आहे. आंब्यावरच्या फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाला येतात. भोपळा, कारली, दोडकी, काकडी यांवरची फळमाशी वेगळी, तिचे नर 'क्यू-ल्युर' या आमिषाला येतात. कृषी सेवा केंद्रात वेलवर्गीय भाज्यांचा सापळा असे सांगून मागा.

सापळ्यात नर अडकतात, अंडी घालणारी मादी मोकळीच असते. म्हणून फळ धरल्याची खात्री होताच त्यावर कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधा. घरच्या चार फळांसाठी यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. सडून पडलेली फळे खतात टाकू नका, कारण अळी तिथेच मातीत कोष करते आणि नवी माशी होऊन बाहेर पडते. ती फळे हातभर खोल पुरा किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवा.

रोप लहान असताना पाने चाळणीसारखी भोकाभोकांची होतात ती तांबड्या भुंगेऱ्यांमुळे. पहाटे गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचा आणि दव असतानाच पानांवर चाळलेली राख भुरभुरवा.

भोपळ्याची पाने आणि फुले खातात असे ऐकले. खरे का? बाजारात तर कधी दिसत नाहीत. (नाशिक)

दिसणार कशी? बाजाराला ट्रकमधून प्रवास करून आठवडाभर फळीवर टिकणारा माल हवा असतो, म्हणून भोपळ्याच्या सगळ्या अवस्थांपैकी फक्त शेवटची, जाड सालीची अवस्था आपल्यापर्यंत पोचते. घरी वेल लावण्याचे खरे कारण हेच आहे. पिकलेला भोपळा मंडईत मुबलक आणि स्वस्त मिळतो, त्यासाठी चार महिने ड्रम अडवण्याची गरज नाही. शेंडे, फुले आणि कोवळी फळे मात्र ज्याचा वेल त्यालाच.

खुडलेले वीतभर शेंडे टाकू नका. देठाचे टोक मोडून खाली ओढले की वरचे लवदार दोरे सुटून येतात. मग देठ आणि कोवळी पाने चिरून लसूण, मिरची आणि भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परता. पानांची लव शिजल्यावर जाणवत नाही. बंगालमध्ये हे शेंडे जुडीने विकले जातात आणि रोजच्या जेवणात असतात.

फुले खुडायची ती नर, तीही मधमाश्यांचे काम आटोपल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमाराला. दोन-तीन वेलावर राखून ठेवा. आतला दांडा काढा, मुंग्या झटका, हिरवे काटेरी बूड कापा. बेसनात चमचाभर तांदळाची पिठी, ओवा, तिखट, मीठ घालून पातळसर भिजवा आणि फुले अख्खी बुडवून तळा. फुले जास्त असतील तर चिरून पीठ पेरून भाजी करा.

मुठीएवढा हिरवा भोपळा सालीसकट, बियांसकट चिरता येतो. भिजवलेली हरभरा डाळ, मोहरी-हिंगाची फोडणी आणि शेवटी ओले खोबरे, एवढ्यावर त्याची भाजी होते. वेलावर जास्त फळे धरली तर एखादे याच वयात काढल्याने बाकीची चांगली पोसतात.

भोपळा पिकला हे कसे ओळखावे? काढल्यावर तो किती टिकतो? (सांगली)

तीन खुणा एकत्र पाहा. सालीची हिरवी तकाकी जाऊन तिच्यावर मंदपणा येतो. देठ हिरवा राहत नाही, वाळून कडक होतो. आणि नख रुतवायचा प्रयत्न केला तरी सालीत उमटत नाही. फळ धरल्यापासून साधारण दीड महिन्यात या खुणा दिसतात.

काढताना तीन-चार बोटे देठ ठेवून कापा आणि देठाला धरून उचलू नका. देठ निखळला की त्या खळग्यातून कूज शिरते. आठ-दहा दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवा म्हणजे साल आणखी कडक होते. त्यानंतर हवेशीर जागी, जमिनीला टेकू न देता, चुंबळीवर किंवा गवताच्या थरावर ठेवला तर तीन-चार महिने सहज टिकतो. कोकणात माळ्यावर किंवा आढ्याला शिंक्यात भोपळे ठेवत, त्यामागे हाच हिशेब. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने आतून मऊ पडतो.

ठेवलेल्या भोपळ्यात पिष्टाची हळूहळू साखर होते आणि पाणीही थोडे कमी होते. भाजीला ताजा चालेल, घारग्यांना मात्र महिनाभर मुरलेला घ्या.

माझ्या घारग्यांचे पीठ हमखास सैल पडते. पीठ वाढवले की घारगे कडक होतात, नाही वाढवले तर तेल पितात. (पुणे)

दोष पिठाच्या मापात शोधू नका, तो भोपळ्यातल्या पाण्यात आहे. दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर झाकण न ठेवता परता. कढईच्या तळाशी पाणी दिसेनासे झाले की पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ घाला. गूळ विरघळताच गॅस बंद करा. तो उकळत ठेवला तर पाक होतो आणि कडकपणा तिथूनच येतो. किंचित मीठ, वेलची किंवा जायफळ आणि चमचाभर गरम तुपाचे मोहन घाला. कोमट झाल्यावर मावेल तेवढी कणीक मिसळा. साधारण दोन वाट्या लागते, त्यात दोन चमचे तांदळाची पिठी. पाण्याचा थेंबही नको.

पीठ पुरीच्या पिठापेक्षा घट्ट भिजवा आणि वीस मिनिटांत तळायला घ्या. गूळ पाणी सोडत राहतो, त्यामुळे हे पीठ मुरायला ठेवले की ते सैलच होणार. केळीच्या पानावर तेलाचा हात लावून पुरीपेक्षा जाड थापा, वरून खसखस दाबा. तेल मध्यम तापलेले हवे. कढत तेलात गूळ आधी काळवंडतो आणि आत पीठ कच्चे राहते, थंड तेलात घारगे तेल पितात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरले तर तीन-चार दिवस टिकतात, म्हणूनच ते प्रवासाच्या शिदोरीत असत.

गोड नको असेल त्या दिवशी भरीत करा. फोडी वाफवून, पाणी निथळून, जाडसर कुस्करा. दही, दाण्याचे कूट, मीठ, साखर घालून वरून तूप-जिरे-मिरचीची फोडणी द्या. ज्या घरांत उपवासाला भोपळा चालतो तिथे हे भरीत उपवासाचे. भोपळ्याचा पिवळा रंग ज्या कॅरोटीनमुळे असतो ते स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते, तेव्हा फोडणीतल्या तुपात कंजुषी करू नका.

नागपूरला लग्नात कोहळ्याची 'बाकर भाजी' खाल्ली. पुण्यात कुणाला ठाऊक नाही. कशी करतात? (पुणे)

पंगतीत पुरीबरोबर वाढली जाणारी ही मानाची भाजी. घरोघरी हात वेगळा, पण गाभा असा: खसखस आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजून जाडसर वाटायचे. तेल थोडे सढळ घेऊन मोहरी आणि मेथीदाण्याची फोडणी करायची, त्यात पिकलेल्या भोपळ्याच्या मोठ्या फोडी सालीसकट परतायच्या. साल नसेल तर फोडींचा लगदा होतो. तिखट, हळद, गरम मसाला, मीठ आणि गुळाचा खडा घालून झाकणावर पाणी ठेवून शिजवायचे. फोड बोटाने दबू लागली की वाटण आणि चारोळी घालून पाच मिनिटे मंद आचेवर ठेवायचे. भाजी कोरडसर हवी, रस्सा नको. मेथीदाणा वगळू नका. भोपळ्याचा गोडवा त्याच्या कडवटपणामुळेच तोंडाला बसत नाही, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या साध्या भाजीतही तो याचसाठी असतो.

सोललेल्या साली उरल्या तर किसून तेलावर कुरकुरीत परता आणि तीळ, सुके खोबरे, लसूण, तिखट घालून चटणी करा.

ऋषिपंचमीच्या भाजीत भोपळा असायलाच हवा, असे आई म्हणते. का? (अलिबाग)

भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा नेम आहे. म्हणजे नांगरलेल्या शेतातले काही नको, हाताने खणून परसात आलेले तेवढे चालेल. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, शिराळी, भेंडी, मक्याचे कणीस आणि भोपळा ही सगळी परसातली किंवा कुंपणावरची मंडळी. घरोघरी यादी थोडी बदलते. बऱ्याच घरांत फोडणीही देत नाहीत, चिंच, हिरवी मिरची आणि ओले खोबरे यांवरच भाजी होते. मोरीचे पाणी जाते त्या कडेला, उकिरड्याच्या खताला लागून भोपळा लावायची जुनी पद्धत. त्याला नांगर कधीच लागला नाही, म्हणून या भाजीत त्याचे स्थान पक्के.

गंमत अशी की भोपळा, मका आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय दर्यावर्दींबरोबर ती इकडे आली, म्हणजे ऋषींच्या पानात यांतले काहीच नसणार. पण नेम कष्टांविषयीचा आहे, त्यामुळे परसात रुजलेल्या पाहुण्यांना त्यात सहज जागा मिळाली. जूनमध्ये लावलेल्या वेलाला या सुमाराला कोवळी फळे असतात, भाजीला तीच घ्या.

सासूबाई अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावू देत नाहीत, ते काम पुरुषाचे म्हणतात. यामागे काय आहे? (कोल्हापूर)

देवीच्या पूजेत पशुबळीच्या जागी पांढरा कोहळा कापण्याची प्रथा देशात अनेक ठिकाणी आहे. बळी देणे पुरुषाचे काम, म्हणून कोहळा फोडणेही त्याचेच मानले गेले, आणि कोहळ्याचा नियम लाल भोपळ्यालाही लागू झाला, असा याचा अर्थ लावला जातो. स्वयंपाकातल्या भोपळ्याला तो पाळायचा की नाही, हे घरात ठरवा.

कापणारा कुणीही असो, पद्धत महत्त्वाची. गोल भोपळा घरंगळतो आणि सुरी हातावर येते. आधी बुडाची पातळ चकती काढून त्याला बैठक करा, मग देठाच्या बाजूने, देठ टाळून, जड सुरीचे टोक खोचून खाली आणा. मोठ्या फाकी झाल्या की विळीवर साल काढणे सोपे.

ऑक्टोबरमध्ये इकडे दुकानांत हॅलोवीनचे भोपळे रचलेले असतात. त्यांचे घारगे का जमत नाहीत? (न्यू जर्सी)

ते भोपळे कोरून दिवा ठेवण्यासाठी वाढवलेले असतात: साल पातळ, गर धाग्यांचा आणि पाणचट. आपल्याकडचा नेहमीचा भोपळा 'कुकुर्बिटा मोस्काटा' या प्रजातीचा, तर हॅलोवीनचा 'कुकुर्बिटा पेपो'. तुमच्या दुकानातला सुरईच्या आकाराचा फिकट पिवळसर 'बटरनट स्क्वॉश' मात्र मोस्काटाच आहे. घारगे, भाजी, भरीत, सगळ्याला तो घ्या. जपानी 'काबोचा' आणखी कोरडा आणि गोड असतो, त्याच्या घारग्यांना गूळ थोडा कमी लागेल. डबाबंद भोपळ्याचा गर तिकडे बहुतेक मोस्काटाच्याच जातीचा असतो, तोही चालतो. डब्यावर 'पाय फिलिंग' लिहिलेले नाही एवढे पाहा, त्यात साखर आणि दालचिनी आधीच असते.

घरच्या भोपळ्याचे बी पुढच्या वर्षी लावले तर तसेच फळ येईल का? आणि भोपळा कडू निघाला तर खावा का? (अहिल्यानगर)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. कडूपणा कुकुर्बिटॅसिन या विषारी द्रव्यांमुळे येतो आणि ती शिजवल्याने जात नाहीत. कडू दुधीच्या रसाने झालेल्या विषबाधांनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने तो अजिबात घेऊ नये असे सांगितले, तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. जर्मनीत २०१५ साली घरी पिकवलेली कडू झुकिनी खाऊन एकाचा मृत्यू झाला. लाल भोपळ्यात हे क्वचित घडते, तरी घरच्या बियाण्याचे पहिले फळ चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि तो भोपळा टाकून द्या. गूळ वाढवून खपवू नका.

आता बियाणे. संकरित जातीचे बी पुढच्या पिढीत फाटे फोडते, म्हणून बी धरायचे तर सरळ किंवा गावरान जातीचेच. मधमाशी शेजारच्या भोपळ्याचे पराग घेऊन आली तर यंदाच्या फळाची चव बदलत नाही, पण आतले बी मिश्र होते. दुधी किंवा पांढरा कोहळा शेजारी असेल तर चिंता नको, त्यांच्याशी संकर होत नाही. शुद्ध बी हवे तर संध्याकाळी एक मादी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने बांधून ठेवा, सकाळी हाताने परागीभवन करा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला खुणेची चिंधी लावा. ते फळ पूर्ण पिकवून, काढल्यावर आणखी तीनेक आठवडे ठेवून मग बी काढा. धुऊन सावलीत खडखडीत वाळवा आणि राखेत घालून कोरड्या बरणीत भरा. चार-पाच वर्षे उगवते.

नातीचा प्रश्न: गोष्टीतल्या म्हातारीएवढी बाई खरेच भोपळ्यात मावेल का? (डोंबिवली)

मावेल, आणि ऐसपैस मावेल. २०२३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथल्या स्पर्धेत १,२४७ किलोंचा भोपळा तोलला गेला. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात विंडसर गावी १९९९ साली महाकाय भोपळे कोरून, त्यांत बसून, वल्ही मारत तळ्यात शर्यत लावायला सुरुवात झाली. तेव्हा भोपळ्यातून प्रवास ही गोष्ट तिकडे प्रत्यक्षात घडली आहे, वाघ तेवढा नव्हता. मात्र नातीला हेही सांगा की एवढे फुगवलेले भोपळे गराने पाणचट आणि चवीला अगदीच बेताचे. घारगे हवे असतील तर दोन किलोंचाच लावावा.